तेल खाणारे यीस्ट

पावाच्या परिचित यीस्टहून यारोविया लिपोलिटिका निराळे आहे. तेल पचविणे व पेशीत साठविणे, ही दोन्ही कामे त्यास साधतात. मत्स्यतेलातील ईपीए हे वसाम्ल मासे न पकडता मिळावे, म्हणून ड्यूपाँ कंपनीच्या संशोधकांनी त्यात युग्लीनादी जीवांची जनुके घातली. परंतु अडचण घरचीच होती. वसाम्ले पेरॉक्सिसोमांत जाळून टाकणे हा या यीस्टचा उपजत गुण. म्हणजे ज्या गुणासाठी निवडावे, त्याच्याच जोडगुणाने घात व्हावयाचा! पेरॉक्सिसोमांच्या घडणीस लागणारे पेक्स-१० हे जनुक निकामी करणे येथे निर्णायक ठरले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे पेशींच्या शुष्क वजनाच्या १५ टक्के, तर एकूण वसाम्लांच्या ५६.६ टक्के ईपीए मिळाले.