सनरूफ गळते, पण दोष रबराचा नसतो

जुनी गाडी घ्यायचे ठरले की मुलांची पहिली मागणी असते, "बाबा, सनरूफवाली घ्या ना!" ती पुरी करणे आता फारसे अवघडही राहिलेले नाही. होंडा सिटीच्या २०१४ च्या आणि महिंद्रा एक्सयूव्ही ५०० च्या २०१५ च्या वरच्या मॉडेलांत ही काचेची खिडकी होती. त्या गाड्या एव्हाना दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे पोहोचल्या आहेत. व्यवहार ऐन उन्हाळ्यात झालेला असतो. बटण दाबताच काच सरकते, सगळे खूश होतात. मग पहिला मोठा पाऊस पडतो आणि सकाळी गाडीत बसता बसता गृहिणी विचारते, "अहो, पायाखाली एवढे पाणी कुठून आले?"

कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये याचे उत्तर तयार असते. "साहेब, रबर गेलंय. चारही बाजूंनी सिलिकॉन भरून टाकतो, पुन्हा बघायला नको." काच कायमची चिकटवली जाते, पैसे दिले जातात आणि पुढच्या पावसात पाणी पुन्हा येऊ शकते. कारण गळतीचे मूळ बहुतेक वेळा रबरात नसतेच.

सनरूफची काच पूर्णपणे जलरोधक असावी, अशी तिची रचनाच नसते. रबर बरेचसे पाणी बाहेर थोपवते. जे थोडे आत शिरते त्याच्यासाठी काचेच्या चौकटीभोवती पन्हळ असते, कौलारू घराच्या वळचणीला लावतात तशीच. बहुतेक गाड्यांत तिच्या चार कोपऱ्यांना चार भोके असतात. त्यांना जोडलेल्या बारीक नळ्या दाराशेजारच्या खांबांमधून खाली उतरतात आणि पाणी गाडीबाहेर सोडतात. कडुनिंबाची पाने, गुलमोहराच्या पाकळ्या आणि वर्षभराची धूळ यांचा चिखल होऊन ही भोके बुजतात. पन्हळ भरून वाहते, पाणी छताच्या आतल्या कापडात मुरते आणि तिथून गालिच्यापर्यंत पोहोचते.

याची परीक्षा घरीच घेता येते. काच उघडा आणि चहाच्या कपाने पन्हळीच्या एकेका कोपऱ्यात हळूहळू पाणी सोडा. थोड्याच वेळात गाडीखाली थेंब पडू लागले तर ती नळी मोकळी आहे. पाणी तिथेच साचून राहिले तर ती तुंबली आहे, हे समजावे. गवत कापण्याच्या यंत्रात लावतात ती जाड नायलॉनची दोरी घ्या, तिचे टोक गोल करा आणि हलक्या हाताने आत सरकवत न्या. ताठ तार वापरली तर नळी फाटू शकते. कॉम्प्रेसरची जोराची हवाही नको. नळी आत नुसती सांध्यावर बसवलेली असते. ती निसटली की सगळे पाणी छताच्या कापडावर पडते आणि पाच मिनिटांच्या कामासाठी अख्खे छत उतरवावे लागते. ज्या गाड्यांत छताच्या कडेला एअरबॅग असते, तिथे तर हे काम नवशिक्याच्या हाती मुळीच देऊ नये.

नळी साफ झाली तरी गालिचा उचलून वाळवायलाच हवा. वरून कोरडा दिसला तरी त्याखालचा जाड थर अनेक दिवस ओला राहतो. कुबट वास येतो, पत्रा गंजतो आणि सीटखालून गेलेल्या तारांचे जोड खराब होतात. सनरूफपेक्षा ही दुरुस्तीच महाग पडते.

काच सरकतच नसेल तर?

आधी फ्यूज पाहावा. बॅटरी नुकतीच बदलली असेल तर काही गाड्यांत सनरूफ आपली जागा विसरते. ती पुन्हा शिकवण्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. मोटरचा आवाज येतो पण काच तिरकी होऊन अडते, असे असेल तर केबल किंवा काच धरणारी प्लास्टिकची पट्टी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबू नये, त्याने धड असलेली बाजूही मोडते. ऐन पावसात काच उघडी अडकली तर अनेक गाड्यांत छताच्या दिव्याजवळचे झाकण काढून ॲलन कीने ती हाताने फिरवून बंद करता येते.

सर्व्हिस सेंटरमध्ये कित्येकदा संपूर्ण चौकट बदलायला सांगतात. केबल आणि पट्ट्यांचा सुटा संच मिळतो का, हे आधी विचारावे. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट इथे जुने भाग मिळतात. तिथून काच घ्यायला हरकत नाही, मात्र मॉडेल आणि साल जुळले पाहिजे. प्लास्टिकचे भाग तिथून घेण्यात शहाणपण नाही, तेही तितक्याच जुन्या गाडीतून निघालेले असतात. पट्ट्या बसवल्यावर रुळांवर चाकांना लावतात तसले काळे ग्रीस फासू देऊ नये. त्याला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत पुन्हा तीच रड सुरू होते.

काचच फुटली असेल तर विम्याची आठवण ठेवा. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, रबर आणि प्लास्टिकवर मात्र ५० टक्के कापतात. दावा केला की नो क्लेम बोनस जातो, म्हणून बिल लहान असेल तर आधी हिशेब करावा. झिजून बिघडलेल्या यंत्रणेचा खर्च विमा देत नाही, आणि नुसत्या थर्ड पार्टी विम्यात तर यातले काहीच मिळत नाही.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर पाहायला जाताना पाण्याची एक बाटली सोबत न्या. छताच्या कोपऱ्यांवर पिवळट डाग आहेत का ते बघा, पायाखालची मॅट उचलून हात लावा, काच दोनदा उघडून मिटायला सांगा. "आम्ही ती कधी उघडतच नाही," असे मालक म्हणाला, तर घासाघीस तिथूनच सुरू करावी.