कुणाचं काम घ्यावं?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने ऑनलाइन मार्केटिंगवर काय बोलावे, असा प्रश्न तुम्हांला पडला असेल. रास्त आहे. आम्ही आयुष्यात कधी काही विकले नाही. जुनी सायकलसुद्धा शेवटी फुकटच दिली. पण सांगली-साताऱ्यातले आमचे काही विद्यार्थी आता हाच धंदा करतात. जाहिरात कशी करावी हे ते आम्हांला विचारत नाहीत. विचारतात, "सर, कुणाचं काम घ्यावं?" इथे मात्र आमचा संबंध येतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसवली. आज औंध साताऱ्यात, वाडी सांगलीत. त्यांच्या लोखंडी नांगराबद्दल शेतकऱ्यांना भीती होती, की लोखंडाने जमीन विषारी होते. पुढे १९२० मध्ये शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. आजच्या भाषेत ते कारखान्याचं मार्केटिंगच. पण त्यांची एक सोय पाहा. ज्या मालाबद्दल लिहायचं, तो भिंतीपलीकडे तयार होत होता. फाळ मोडला तर तक्रार त्याच वाडीत यायची.

आता विश्रामबागेतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला मुलगा पाहा. त्याने माल पाहिलेला नसतो, घेणारा तर नाहीच नाही.

आमच्या एका विद्यार्थ्याने एका चूर्णवाल्याचं काम घेतलं. पैसे चांगले होते, तेही आगाऊ. 'साखर मुळापासून बरी' हे वाक्य त्यानेच लिहिलं. कोरेगावच्या त्याच्या आत्याने ती जाहिरात मोबाइलवर पाहिली. ती भाच्याने केली आहे हे तिला कसं कळणार? तिने गोळ्या बंद केल्या. तीन आठवड्यांनी तिला साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या वाचल्या. तो मात्र आमच्याकडे आला तेव्हा बराच वेळ काही बोललाच नाही.

मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या कायद्यानेच मना आहे, आणि कायदा 'प्रसिद्धीत भाग घेणाऱ्या' प्रत्येकाला धरतो. चूर्ण विकणाऱ्याला सोडून लिहिणाऱ्याला नाही, असं नाही. हे त्याला ठाऊक नव्हतं. पण आत्या आजारी पडली नसती तर ते काम बरोबर ठरलं असतं का? आमचं म्हणणं, नाही. कांट सांगतो, माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका. जाहिरात पाहणारा तर कुठल्याच करारात नसतो, त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

म्हणून काम घेण्याआधी त्या माणसाच्या जागेवर जावं. माल बघावा. जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघांना फोन लावू का, असं विचारावं. टाळाटाळ झाली की समजायचं. फोन वाढले तर उचलणार कोण, हेही विचारावं, नाहीतर जाहिरात चालते आणि धंदा बुडतो. जाहिरातीचा खर्च त्याच्याच कार्डावरून जाऊ द्यावा, आपली फी वेगळी. आणि "महिन्यात विक्री दुप्पट करून द्याल ना?" असं पहिल्याच भेटीत विचारणाऱ्याला चहा पाजून पाठवावं.

"पण सर, खोलीचं भाडं?" हे तो विचारतोच. भाडं खरंच असतं, ते आम्ही नाकारत नाही. त्याने सहा महिने दुपारी शिकवण्या घेतल्या. आता तासगावच्या एका बेदाणेवाल्याचं काम त्याच्याकडे आहे. आधी दोन दिवस शेडवर बसून आला, मग दर सांगितला.