दुधाऐवजी काय?

दीड वर्षाच्या मुलाला दूध दिले की पोट फुगते, जुलाब होतात. घरातील वडीलधारी म्हणतात, "याला दूध सोसत नाही, बंद करा." दूध बंद करणे सोपे, पण त्यातून मिळणारे पोषण कोठून आणावयाचे? म्हणून आम्ही म्हणतो, दुधातील नेमके काय बाधते ते आधी पाहावे.

दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, पचविणारा रस कमी पडला तर ती आतड्यात आंबते. जुलाबाच्या दुखण्यानंतर असे होते आणि बहुधा काही आठवड्यांत ओसरते; अशा मुलाला दही पुष्कळदा सोसते. प्रथिनांचे वावडे मात्र निराळे. अंगावर गांधी उठतात, उलट्या होतात, कधी शौचातून रक्त पडते. येथे दही चालत नाही, शेळीचे वा म्हशीचे दूधही नाही. त्यांतील प्रथिने गाईच्या दुधाशी मिळतीजुळतीच असतात.

पांढरे ते सारे दूध नव्हे. सोयाबीनच्या दुधात 100 मिलिलिटरला सुमारे 3 ग्रॅम प्रथिने असतात. बाजारच्या बदामदुधात बहुधा 1 ग्रॅमही नसते. सोयाचे दूध घ्यावयाचे तर कॅल्शियम घातलेले, बिनसाखरेचे घ्यावे. जोडीला नाचणीची पेज असावी. वर्षाच्या आतील बाळाला मात्र यांतले काहीच दुधाऐवजी देऊ नये.

दोन ते चार आठवडे दूध थांबवून पुन्हा देऊन पाहणे, ही खरी परीक्षा. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावी. पुष्कळ मुलांचे हे वावडे वाढत्या वयात जाते. तोवर दूध सुटले तरी पोषण सुटू नये, एवढीच आपली जबाबदारी.