१८व्या आठवड्यातला पोटाचा घेर

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पाड्यांवर आशाताई नव्या गर्भवतीला पहिला प्रश्न विचारते तो पाळीच्या तारखेचा. उत्तरात तारीख मिळतेच असं नाही. भाताची लावणी आटोपली तेव्हा, गणपतीच्या जरा आधी, असं काहीतरी कळतं. पावसावर आणि सणांवर महिने मोजणाऱ्या बाईला ते पुरतं. गर्भाची वाढ मोजू पाहणाऱ्याला मात्र ते पुरत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर ३२ आठवड्यांचा खुरटलेला गर्भ आणि २९ आठवड्यांचा निरोगी गर्भ यांची मापं जवळपास सारखीच येऊ शकतात. त्यांतल्या एकाला तातडीनं उपचार हवे असतात, तर दुसऱ्याला काहीच झालेलं नसतं.

मशीन खरं तर वेळ मोजतं. पोटावर टेकवलेल्या प्रोबमधून निघालेला ध्वनी शरीराच्या मऊ भागातून सेकंदाला साधारण १,५४० मीटर जातो, असं धरलेलं असतं. गर्भाची कवटी १० सेंटीमीटर खोल असेल, तर तिच्यावर आपटून प्रतिध्वनी परत यायला सुमारे १३० मायक्रोसेकंद लागतात. त्या वेळावरून अंतर काढलं जातं आणि अशा असंख्य अंतरांमधून चित्र उभं राहतं. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये हे तंत्र वैद्यकविश्वासमोर मांडलं. त्याच शहरात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गर्भाच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या लांबीवरून त्याचं वय ठरवण्याची पद्धत रुळली. डॉक्टर या लांबीला सीआरएल म्हणतात.

गर्भधारणेच्या पहिल्या तीन महिन्यांत बहुतेक गर्भ जवळपास एकाच वेगानं वाढतात. त्यामुळे तेव्हाच्या लांबीवरून वय पाच ते सात दिवसांच्या फरकानं सांगता येतं. पुढे आईचं खाणं, तिचं आजारपण, वारेची ताकद आणि आनुवंशिकता यांचा परिणाम दिसू लागतो आणि मापांमध्ये तफावत पडते. शेवटच्या तिमाहीत पहिल्यांदाच सोनोग्राफी झाली, तर वयाचा अंदाज तीन-चार आठवड्यांनीही चुकू शकतो. मग कितीही महागडं मशीन आणलं तरी बाळ लहान आहे की दिवसच कमी भरले आहेत, याचा उलगडा होत नाही.

दुसऱ्या तिमाहीपासून डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, मांडीच्या हाडाची लांबी आणि पोटाचा घेर ही चार मापं घेतात. यांतलं पोटाचं माप सर्वांत बोलकं, असं मला वाटतं. ते ज्या पातळीवर घेतात तिथे मुख्यतः यकृत असतं आणि गर्भ आपली साखरेची बरीचशी शिल्लक यकृतात साठवतो. पुरवठा आटला की यकृत आधी आक्रसतं आणि मेंदूचा वाटा शक्यतो राखला जातो. डोकं ठीक आणि पोट बारीक असं चित्र दिसलं, तर कारण आईच्या ताटात किंवा वारेत शोधावं लागतं.

याच्याशी बरंचसं मिळतंजुळतं चित्र पुण्याजवळच्या सहा गावांत दिसलं होतं. केईएम रुग्णालय संशोधन केंद्राच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं १९९३ मध्ये तिथे मातापोषणाचा अभ्यास सुरू केला. त्याची रचना मला फार मोलाची वाटते. दिवस जाण्याच्या आधीपासूनच कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन पाळीच्या तारखा नोंदवत होत्या. त्यामुळे गर्भाचं वय आठवणीवर सोडलेलं नव्हतं. या बायांचं गर्भारपणाआधीचं सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होतं. पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली, तर तुलनेला घेतलेल्या इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची होती.

डॉ. अरुण किनरे आणि सहकाऱ्यांनी या गर्भांची सोनोग्राफीची मापं युरोपातल्या मापांशी ताडून पाहिली. पुण्याकडची बाळं शेवटच्या महिन्यांत मागे पडत असतील, असं कुणालाही वाटलं असतं. प्रत्यक्षात १८व्या आठवड्यातच ती मागे होती. पोटाचा घेर आणि डोक्याची रुंदी यांत तूट जास्त होती. मांडीचं हाड आणि डोक्याचा घेर यांत कमी. त्याच सुमाराला मोजलेलं वारेचं आकारमानही आईच्या गर्भारपणाआधीच्या वजनाशी जोडलेलं निघालं. आई मुळात जितकी हलकी, तितकी वार लहान. थोडक्यात, पाचवा महिना लागायच्या सुमारासच बरंच काही ठरून गेलेलं होतं.

आपली माणसं बारक्या चणीचीच, असं यावर कुणी म्हणेल. त्याला नागपूरचं उत्तर आहे. इंटरग्रोथ-२१ या आठ देशांच्या अभ्यासात भारताचं केंद्र नागपूर होतं आणि डॉ. मनोरमा पुरवार तिथलं काम पाहत होत्या. निरोगी, नीट खाऊनपिऊन असलेल्या स्त्रियांची दर पाच आठवड्यांनी सोनोग्राफी झाली. प्रत्येक माप तीनदा घेतलं आणि मोजणाऱ्याला पडद्यावर आकडा दिसू दिला नाही. आकडा दिसला की हात नकळत अपेक्षित उत्तराकडे सरकतो, म्हणून ही काळजी. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. गर्भांच्या आणि नवजात बाळांच्या मापांतल्या एकूण फरकापैकी केंद्र बदलल्यामुळे पडलेला फरक ४ टक्क्यांहूनही कमी होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ मधल्या अभ्यासात देशादेशांत काही फरक दिसले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. तरी पुण्याजवळच्या गावांतली तूट केवळ वंशावर ढकलता येत नाही, इतकं नागपूरनं नक्की दाखवलं.

आता शहापूरकडे पाहू. इथली भातसा, तानसा आणि वैतरणा ही धरणं मुंबईला पाणी देतात, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पुण्याच्या अभ्यासात शेतातलं काम आणि पाणी वाहणं अशा कष्टांचा संबंध बाळाच्या लहान आकाराशी दिसला. पालेभाज्या, फळं आणि दूध यांचा संबंध मोठ्या आकाराशी. या अभ्यासाकडे शहापूर-मुरबाडनं परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये.

सरकारी वेळापत्रक मात्र उशिराचं आहे. अमृत आहार योजनेचं चौरस जेवण आदिवासी भागातल्या गर्भवतीला शेवटच्या तिमाहीत मिळतं. दर महिन्याच्या ९ तारखेची मातृत्व अभियानाची तपासणी चौथ्या महिन्यापासूनच्या स्त्रियांसाठी आहे. दोन्ही हवंच; पण जी तूट १८व्या आठवड्यात दिसते ती अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या ताटानं कितीशी भरून निघेल? मुंबईच्या वस्त्यांत झालेल्या ‘सरस’ प्रकल्पात पालेभाज्या, फळं आणि दूध घातलेला खाऊ स्त्रियांना गर्भधारणेआधीपासून दिला. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा जन्मवजनात ठोस फरक निघाला नाही. मात्र दिवस जाण्याच्या तीन महिने किंवा त्याहून आधी ज्यांनी खाऊ सुरू केला होता, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड होती.

मग मशीनच पाड्यावर का नेऊ नये? मुलींच्या गर्भांची हत्या थांबवण्यासाठी महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. नोंदणीकृत केंद्र, प्रत्येक गर्भवतीचा फॉर्म एफ आणि फिरत्या मशीनवर निर्बंध, ही चौकट संशोधनालाही लागू आहे आणि ती ढिली करू नये. म्हणजे बाईलाच शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात लवकर पोहोचवायला हवं. त्यासाठी गाडी हवी, बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात दिवस गेलेल्या बाईची पहिली सोनोग्राफी ती निघण्याआधी, चौदावा आठवडा भरायच्या आत झाली आणि सीआरएलचा आकडा तारखेसह तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर चढला, तर पुढे भिवंडीकडच्या भट्टीवरून ती कुठल्याही दवाखान्यात गेली तरी तिथल्या डॉक्टरला गर्भाचं वय नव्यानं अंदाजावं लागणार नाही. बाळाचं पोट त्याच्या वयाच्या मानानं बारीक आहे की नाही, हे त्या डॉक्टरला त्याच दिवशी सांगता येईल.