घरचे खत : ओल्याला सुक्याची जोड

चार माणसांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा, देवावरची फुले, ताटात उरलेले चार घास. हा ऐवज कुंडीतल्या झाडांच्या कामी यायचा तर आधी तो नीट कुजायला हवा. कुजवण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना हवा लागते, ओल लागते आणि खाण्यात कर्ब व नत्राचा मेळ लागतो. घरगुती खताचे प्रयोग फसतात ते यांपैकी काही बिघडल्याने, आणि बिघाडाच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच कारण असते : सुका माल कमी पडलेला असतो.

सूक्ष्मजीवांना कर्बातून ऊर्जा मिळते आणि नत्रातून शरीर बांधायला प्रथिने. नत्राच्या एका भागाला कर्बाचे २५ ते ३० भाग असले की काम सर्वांत जोमाने चालते. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण सहसा २० च्या खालीच असते. वाळलेल्या पानांत ते ४० ते ८० पर्यंत जाते, तर लाकडाच्या भुशात २०० च्याही वर. कचऱ्यातला जास्तीचा नत्र अमोनिया होऊन उडून जातो. डब्याचे झाकण उघडताच नाकाला झोंबतो तो हाच. त्यात भाजीपाल्याच्या कचऱ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते आणि खताच्या ढिगाला ५० ते ६० टक्के ओल पुरते. जास्तीचे पाणी पोकळ्या बुजवते, हवा कोंडते, आणि मग हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे.

वाळलेली पाने ही तिन्ही दुखणी एकदम निस्तरतात. कर्ब पुरवतात, पाणी शोषतात आणि थरांमध्ये हवेला वाट ठेवतात. वर्तमानपत्राचे तुकडे पाणी शोषतात खरे, पण भिजून चिकटून बसतात. भुसा एकट्याने वापरला तर इतका कर्ब आणतो की कुजणेच मंदावते. नारळाच्या भुशाची वीट, म्हणजे कोकोपीट, उपयोगी पडते. पण ती विकत आणावी लागते. महाराष्ट्रात जानेवारीपासून मार्चपर्यंत वड, पिंपळ, बदाम, वर्षावृक्ष यांची पाने रस्तोरस्ती पडतात. सोसायटीच्या आवारात ती झाडून पेटवली जातात आणि त्याच इमारतीतली हौशी मंडळी खतासाठी कोकोपीट मागवतात. हा उलटा व्यवहार सोडून उन्हाळ्यात चार-पाच गोण्या पाने चुरून कोरड्या जागी ठेवली, तर एका घराचा पावसाळा निघतो. वर्षावृक्षाची बारीक पाने सर्वांत चांगली. आंबा-फणसाची जाड, गुळगुळीत पाने चुरूनच घालावीत, नाहीतर ती महिनोन्‌महिने तशीच राहतात.

कंपोस्टच्या आधुनिक शास्त्राचा पाया या देशातच घातला गेला. अल्बर्ट हॉवर्ड १९०५ साली बिहारमधल्या पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग ठरावीक अंतराने उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. ‘इंदूर पद्धत’ म्हणून ती जगभर गेली. तिच्यावरचे १९३१ चे पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड या दोघांच्या नावाने निघाले. सांगताना मात्र वाडांचे नाव बहुधा गळते. पुढे सी. एन. आचार्य यांनी बंगळूरला ढीग मातीने लिंपून बंद ठेवण्याची पद्धत विकसित केली. तिच्यात उलथण्याची मेहनत नाही, पण वेळ जास्त लागतो.

शेतातला ढीग आणि बाल्कनीतले पिंप यांत एक मोठा फरक आहे. सुमारे एक घनमीटरचा ढीग आतून ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो आणि त्या उष्णतेत रोगजंतू व तणांचे बी मरते. वीस-तीस लिटरच्या पिंपातली उष्णता बाजूंनी निघून जाते. म्हणून घरच्या खतातून टोमॅटो, मिरची, भोपळ्याची रोपे आपोआप उगवतात. त्यात वाईट काही नाही. मात्र रोगट रोपे आणि कुत्र्या-मांजरांची विष्ठा अशा खतात कधीच घालू नये.

भांडे कोणतेही चालते : जुनी बादली, रंगाचा डबा, एकावर एक ठेवलेली तीन मडकी. तळाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर भोके हवीत. तळाशी काड्या किंवा करवंटीचे तुकडे, त्यावर चार बोटे सुकी पाने, त्यावर मूठ-दोन मूठ जुने खत किंवा शेण. मग रोजचा कचरा बारीक चिरून, पाणी निथळून घालायचा आणि एका वाटी कचऱ्यावर एक ते दोन वाट्या चुरलेली पाने पसरायची. कचरा वर उघडा दिसता कामा नये. आठवड्यातून एक-दोनदा काठीने तळापर्यंत हलवावे. ओल तपासायची तर आतला माल मुठीत घट्ट दाबावा. बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाने वाढवावीत. मूठ उघडताच गोळा भुगा झाला तर पाणी शिंपडावे.

बाजारात कल्चरच्या बाटल्या आणि पुड्या मिळतात. सुरुवातीला त्यांनी थोडा वेग येतो. पण आंबट ताक, ताजे शेण किंवा आधीच्या खेपेतले मूठभर खत तेच काम करते. कल्चर कितीही महाग आणले तरी पानांची उणीव भरून निघत नाही.

काय घालावे याबद्दल सोवळेपणा फार आहे. लिंबा-संत्र्याच्या साली चालतात, फक्त उशिरा कुजतात. अंड्याची टरफले चुरून घालावीत. आंब्याच्या कोयी, शहाळी आणि मक्याची कणसे वर्षभर दाद देत नाहीत, त्यांना बाजूला ठेवलेले बरे. लोणचे, तेलकट रस्सा, मासळीचे काटे मात्र टाळावेत. मीठ रोपांना सोसत नाही आणि मासळीच्या वासाने उंदीर-मांजरे येतात. निर्माल्यातला दोरा आणि जरीचा कागद काढून फुले खुशाल घालावीत.

पावसाळ्यात पिंपात करड्या, जाडसर अळ्या वळवळू लागतात आणि अनेकांचा प्रयोग तिथेच संपतो. या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने फस्त करतात. त्यांची गर्दी माल फार ओला असल्याचे सांगते. पाने वाढवली की त्या कमी होतात. चिलटांवरही उपाय तोच. पांढरी बुरशी दिसली तर काम चालू आहे असे समजावे, मुंग्या झाल्या तर माल कोरडा पडला आहे.

गांडूळखत ही वेगळी शाखा. शेतात खोल बिळे करणारी गांडुळे इथे कामाची नाहीत. पृष्ठभागावर कुजका पाला खाणाऱ्या जाती लागतात. सावली, ओलसरपणा आणि अर्धवट कुजलेला माल त्यांना मानवतो. पारा ३५ अंशांपुढे गेला की त्या मरू लागतात, त्यामुळे विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा उद्योग जोखमीचा. जपानी बोकाशी पद्धतीत हवाबंद डब्यात कचरा आंबवतात, पण तो पुढे मातीत पुरावाच लागतो.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात; घरच्या पिंपाला दोन ते तीन महिने पुरतात. तयार खत गडद तपकिरी, भुरभुरीत असते आणि पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास देते. मूळ साल ओळखू येत असेल तर ते कच्चे आहे. असे खत कुंडीत घातले तर जिवाणू मातीतलाच नत्र उचलतात आणि पाने पिवळी पडतात. खात्रीसाठी थोडे खत ओले करून त्यात मेथीचे दाणे पेरावेत. चार दिवसांत ते साध्या मातीतल्याइतकेच जोमाने उगवले तर खत पक्के झाले.

खत चाळून घ्यावे, जाडाभरडा भाग पुढच्या खेपेत परत टाकावा. नवी कुंडी भरताना मातीत पाव ते एक तृतीयांश खत मिसळावे. निव्वळ खतात लावलेले रोप तग धरत नाही. घरच्या खतात नत्र जेमतेम एक ते दोन टक्के असतो, त्यामुळे रासायनिक खतासारखा तडकाफडकी परिणाम दिसत नाही. माती भुसभुशीत होणे आणि पाणी धरून ठेवणे हा खरा लाभ. मोगरा, जास्वंद, कढीपत्ता यांना महिन्याला दोन मुठी पुरतात, त्याही खोडापासून चार बोटे दूर, माती हलवून. पिंपाच्या तळाशी गळणारे काळे पाणी आम्लयुक्त असते. ते दहापट पाण्यात मिसळून फुलझाडांना द्यावे, पालेभाज्यांना नको.