गाडीवरचा पक्ष, गाडीमागची कटकट

बुलढाणा जिल्ह्यात एमएच २८ पाटीच्या गाड्यांवर शेगावच्या गजानन महाराजांचे चित्र सर्रास दिसते. त्यावरून कोणी भांडत नाही. पक्षाचे चिन्ह, नेत्याचा फोटो किंवा बंदुकीचे चित्र मात्र गाडीमालकाची बाजू न विचारता सांगून टाकते. खामगाव-चिखलीच्या बाजारात उभ्या गाडीवर ओरखडा उठायला विरोधी गटातले एक टाळके पुरते.

कायद्याचा बडगा मुख्यतः नंबरप्लेटवर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार तिच्यावर नोंदणी क्रमांकाखेरीज चिन्ह, नाव, पद काही चालत नाही. ४१४१ हे आकडे वळवून ‘दादा’ लिहिणे किंवा ८०५५ चा ‘बॉस’ करणे, ही हौसही दंडालाच निमंत्रण. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुढे १५०० रुपयांपर्यंत दंड होतो.

बंदुकीचे नुसते चित्र हा गुन्हा नव्हे; पण नाकाबंदीत नजर आधी तिथेच जाते. पक्षाच्या चिन्हाचे प्रकरण मात्र निवडणुकीच्या आचारसंहितेत वाढते: प्रचाराच्या गाडीला परवानगी लागते आणि तिचा खर्च उमेदवाराच्या हिशेबात धरला जातो.