पाण्याने राखलेलं, माणसांनी सोडलेलं केरो

गावाच्या दक्षिण टोकाला जमीन निमुळती होत जाते आणि संपते. तिथे दक्षिणेकडे तोंड करून उभं राहिलं की दोन नद्या वेगवेगळ्या ओळखू येतात. उजव्या हाताला मिसिसिपी, गढूळ आणि तपकिरी. डाव्या हाताला ओहायो, हिरवट झाक असलेली. दोघी एकमेकींना भिडतात, पण लगेच मिसळत नाहीत. बऱ्याच अंतरापर्यंत मध्ये रंगाची रेघ राहते. पुढच्या प्रवाहाला नाव मिसिसिपीचं मिळतं, पण इथे जास्त पाणी घेऊन येते ती ओहायो.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्याचं हे दक्षिण टोक, आणि गावाचं नाव केरो. स्पेलिंग इजिप्तच्या राजधानीचंच, पण ‘कैरो’ म्हटलं की गावकरी चटकन दुरुस्ती करतात. आजूबाजूला थीब्ज आहे, कार्नाक आहे. या सगळ्या मुलखालाच ‘लिटल इजिप्त’ म्हणतात. सेंट लुईस इथून सुमारे २४० किलोमीटर उत्तरेला.

नकाशावर बोट ठेवून कुणीही म्हणेल की महानगर व्हायचं तर ते इथेच. हा मोह पहिल्यांदा १८१८ मध्ये पडला, पण सूत्रधार लवकरच वारला आणि बेत तिथेच थांबला. १८३७ मध्ये दुसरी कंपनी उभी राहिली. तिने लंडनच्या बाजारात रोखे विकून बांध, गोदी, कारखाने उभारायला घेतले. १८४० मध्ये लंडनची पेढी बुडाली आणि जमलेले मजूर-कारागीर पांगले. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स बोटीतून इथे आला, तेव्हा त्याला दिसली ती दलदल, हिवताप आणि अर्धवट घरं. प्रवासवर्णनात त्याने गावाची सालटी काढली. ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरीतलं ‘ईडन’ हे फसव्या जाहिरातीचं गाव याच भेटीतून आलं, असं मानतात. १८५०च्या जनगणनेत केरोची वस्ती होती २४२.

गाव उभं केलं ते रेल्वेने. इलिनॉय सेंट्रलचा मार्ग १८५६ मध्ये पूर्ण झाला आणि उत्तरेतला माल इथे उतरून बोटींवर चढू लागला. १८६० मध्ये लोकसंख्या २,१८८ झाली. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. ओहायोपलीकडचं केंटकी आणि मिसिसिपीपलीकडचं मिसुरी, दोन्ही गुलामगिरीची राज्यं. मधली ही चिंचोळी पट्टी मात्र मुक्त राज्याची, आणि अक्षांशाने बंडखोरांच्या रिचमंड या राजधानीपेक्षाही दक्षिणेला. सप्टेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या फौजेचा सेनानी युलिसिस ग्रँट इथे तळ ठोकून बसला आणि पुढच्या फेब्रुवारीत इथूनच निघून त्याने हेन्री आणि डोनलसन हे किल्ले घेतले. मळ्यांतून निसटलेले हजारो गुलाम याच धक्क्यावर उतरले. मार्क ट्वेनच्या कादंबरीतले हक आणि जिम ज्या केरोच्या आशेवर तराफा हाकतात आणि धुक्यात ज्याला ओलांडून पुढे वाहत जातात, ते हेच. स्वातंत्र्य शोधणाऱ्यांच्या नकाशात या गावाला मोठं स्थान होतं, हे ध्यानात ठेवल्याशिवाय पुढचा इतिहास वाचू नये.

युद्धानंतरची पन्नासेक वर्षं वैभवाची. १८७२ मध्ये दगडी कस्टम हाउस झालं, १८८४ मध्ये सॅफर्ड ग्रंथालय. पिठाच्या व्यापारातल्या पैशावर उभं राहिलेलं मॅग्नोलिया मॅनर आजही तिथे आहे. १९२० मध्ये लोकसंख्या १५,२०३ होती. तो या गावाचा कळस.

पण गळती आतून आधीच सुरू झाली होती. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेपूल झाला. तोवर गाड्यांचे डबे तराफ्यांवर चढवून पलीकडे न्यावे लागत आणि त्या कामावर अनेक घरांच्या चुली पेटत. आता गाड्या वरून निघून जाऊ लागल्या. दुसरी जखम अधिक खोल होती. ११ नोव्हेंबर १९०९ च्या रात्री विल जेम्स या काळ्या माणसाला खुनाच्या आरोपावरून, खटला न चालवता, भर बाजारपेठेत विजेच्या दिव्यांच्या कमानीखाली झुंडीने ठार केलं. बघायला हजारोंचा जमाव होता. झुंडबळींविरुद्ध लढणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स चौकशीसाठी स्वतः केरोत आल्या. कैदी झुंडीच्या हाती जाऊ देणाऱ्या शेरिफचं पद इलिनॉयच्या कायद्याने जात असे. ते त्याला परत मिळू नये म्हणून त्या राज्यपालांपुढे बाजू मांडायला उभ्या राहिल्या, आणि राज्यपालांनी ते परत दिलं नाही. या गावाच्या इतिहासातलं हे सर्वांत अभिमानाचं पान आहे असं मला वाटतं.

मग १९६२ चा उन्हाळा. गावात पोहण्याचा तलाव होता, पण तो ‘खासगी क्लब’चा म्हणून काळ्या मुलांना मज्जाव. दोन्ही बाजूंना अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या नद्या, ओढ अशी की पट्टीचा पोहणाराही वाहून जावा. आणि मुलांना सुरक्षित पाणी मात्र बंद. त्या तलावाबाहेर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या तरुणांचा फोटो डॅनी लायनने काढला. त्यात जॉन लुईस आहेत, जे पुढे दीर्घकाळ अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. तो फोटो नागरी हक्क चळवळीचं पोस्टर झाला. तलाव सर्वांना खुला करण्याऐवजी बंद केला गेला आणि पुढे काँक्रीट ओतून बुजवला.

दुकानांचंही तेच झालं. १९६७ मध्ये रजेवर आलेला रॉबर्ट हंट हा काळा सैनिक तुरुंगात गळफास लागलेल्या अवस्थेत सापडला. पोलीस आत्महत्या म्हणाले, लोकांनी ते मानलं नाही, आणि गाव पेटलं. १९६९ पासून युनायटेड फ्रंट या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला, कारण तिथे काळ्यांना नोकरी मिळत नव्हती. वर्षानुवर्षं तो चालला. कित्येक दुकानदारांनी काळ्या माणसाला गल्ल्यावर बसवण्यापेक्षा शटर कायमचं खाली ओढणं पसंत केलं. १९७० मध्ये लोकसंख्या ६,२७७ वर आली होती. १९७८ मध्ये आंतरराज्य महामार्गाने गावाला वळसा घातला, १९८६ मध्ये रुग्णालय बंद झालं.

आणि हे सगळं होत असताना नदीने मात्र गाव बुडवलं नाही. केरोला चहूबाजूंनी पूरबांध आहे. उत्तरेकडून येणारा रस्ता रेल्वेच्या भरावाखालून जिथे आत शिरतो, तिथे वर एक अगडबंब पोलादी दरवाजा टांगलेला आहे. पूर चढला की तो खाली सोडतात आणि गाव डब्याचं झाकण लावावं तसं बंद होतं. गाडीतून जाताना तो डोक्यावरून सरकतो, तेव्हा या गावाचं रोजचं जगणं कशाच्या सावलीत आहे ते कळतं.

२ मे २०११ रोजी ओहायो ६१.७२ फुटांवर पोहोचली. बांध पेलतो ६४ फूट. गाव आधीच रिकामं केलं होतं. त्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी पलीकडच्या मिसुरीतला बर्ड्स पॉइंटचा बांध स्फोटाने फोडला आणि सुमारे १,३०,००० एकर शेतजमिनीवर पाणी सोडलं. पातळी उतरली, केरो वाचलं. पण त्या पाण्याच्या वाटेत पिनहूक नावाचं काळ्या शेतकऱ्यांनी वसवलेलं छोटं गाव होतं. ते गेलं. शेत बुडावं की केरो, असं विचारल्यावर मिसुरीच्या विधानसभेच्या सभापतींनी तत्काळ ‘केरो’ म्हटलं होतं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. जवळपास तीन हजार माणसांचं गाव इतक्या सहज हिशेबातून वजा होतं, हे वाचून आजही पोटात तुटतं.

२०१० मध्ये २,८३१ माणसं होती, २०२० मध्ये १,७३३. म्हणजे १८६० पेक्षाही कमी. या शेवटच्या दशकातली घट नुसती आपोआप झालेली नाही. दोन सरकारी गृहसंकुलं वर्षानुवर्षं देखभालीविना कुजली आणि २०१७ मध्ये केंद्र सरकारने ती पाडायचं ठरवलं. सुमारे चारशे लोकांना घर सोडावं लागलं, त्यांत मुलं पुष्कळ होती. गावात भाड्याची दुसरी घरं जवळपास नव्हतीच, म्हणून बऱ्याच जणांना गावच सोडावं लागलं. शाळेतले वर्ग ओस पडले.

राहिलेल्यांत बहुसंख्य काळे आहेत. २०१५ मध्ये शेवटचं किराणा दुकान गेलं, तेव्हा दूध-भाजीसाठी नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जायची वेळ आली. २०२३ मध्ये गावकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर आपलं दुकान उघडलं. एवढ्याशा वस्तीत ते चालवणं सोपं नाही. तरी ज्या गावातली दुकानं अर्ध्या गावाला नोकरी द्यावी लागू नये म्हणून बंद पडली, तिथे सगळ्यांच्या मालकीचं दुकान उघडलं, हे मला त्या दगडी कस्टम हाउसपेक्षा मोठं वाटतं.

ओहायोची पातळी ४० फुटांवर गेली की इथे पूर जाहीर होतो. वसंतात लोक तो आकडा रोज पाहतात.